उपबाजारातला संगणक

“सर, सगळं ब्राउझरमध्येच करायचं, तर मग विंडोज लागतं कशाला?”

विंचूरच्या तीनपाटीजवळ माझं सेवा केंद्र आहे. दिवसा अर्ज, दाखले, सातबारे. संध्याकाळी संगणकाचा वर्ग. हा प्रश्न त्या वर्गात बारावीच्या एका मुलीने विचारला. त्या आठवड्यात तिने मशीनवर काय काय केलं होतं ते मला माहीत होतं: शिष्यवृत्तीचा अर्ज भरला, वडिलांचा सातबारा काढला, कॉलेजचा प्रकल्प गुगल डॉक्समध्ये लिहिला आणि रसायनशास्त्राचा एक धडा यूट्यूबवर तीनदा पाहिला. विंडोजशी तिचा संबंध आला तो मशीन सुरू झाल्यावर क्रोमच्या चिन्हावर दोनदा टिचकी मारण्यापुरता. मी तिला काहीतरी उत्तर दिलं. “खाली काहीतरी लागतंच गं,” असं. ते उत्तर खोटं नव्हतं, पण अपुरं होतं, आणि वर्ग सुटल्यावर शटर ओढतानाच ते मला टोचायला लागलं. ‘काहीतरी’ म्हणजे काय? ते किती लागतं? आणि ते आपल्याकडेच का लागतं? ही पुस्तिका त्या तीन प्रश्नांची आहे.

प्रश्न त्या मुलीचा असला तरी तिच्याहून पुष्कळ जुना आहे. १९६१ मध्ये जॉन मॅकार्थी या शास्त्रज्ञाने एमआयटीच्या शताब्दी समारंभात एक कल्पना मांडली होती: टेलिफोन जसा तारेवरून घरी येतो, तशी गणनशक्तीही एक दिवस सार्वजनिक सेवा म्हणून मिळेल. १९८४ च्या सुमारास सन मायक्रोसिस्टिम्सच्या जॉन गेज यांनी ‘नेटवर्क हाच संगणक’ हे सूत्र दिलं आणि कंपनीने ते ब्रीदवाक्यासारखं वापरलं. आपल्या देशात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. तेव्हा स्वस्तातलं जे ‘शेल अकाउंट’ मिळायचं, त्यात घरचा संगणक नुसता खिडकीचं काम करायचा. पत्रं, फाइली, आज्ञा, सगळं चालायचं ते निगमच्या युनिक्स मशीनवर. आपल्या टेबलावर फक्त अक्षरं उमटायची. म्हणजे ज्या दिवशी भारतात लोकांच्या घरात इंटरनेट आलं, त्याच दिवशी दुसरीकडच्या मशीनवर काम करायची रीतही आली होती.

त्याच वर्षी अमेरिकेत यावरून लढाई पेटली. नेटस्केपचा ब्राउझर आणि सनची जावा भाषा एकत्र आल्या, तर लोक कार्यक्रम ब्राउझरसाठी लिहितील आणि खाली कोणती ऑपरेटिंग सिस्टीम आहे याला किंमत उरणार नाही, हे मायक्रोसॉफ्टने फार लवकर ओळखलं. विंडोजसोबत स्वतःचा ब्राउझर जोडून देण्यावरून मे १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने कंपनीवर जो मक्तेदारीचा खटला भरला, त्याच्या मुळाशी हीच भीती होती. ओरॅकलच्या लॅरी एलिसन यांनी १९९५ मध्येच पाचशे डॉलरच्या ‘नेटवर्क कॉम्प्युटर’ची कल्पना मांडली होती. ती चालली नाही. तारा मंद होत्या आणि साधे संगणकच स्वस्त होत गेले. कल्पना चुकीची नव्हती, तिची वेळ आली नव्हती.

हा इतिहास पुढच्या पानांत सविस्तर येईल. इथे मला आधी ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय ते सांगायचं आहे, आणि त्यासाठी मला विंचूरच्या बाहेर जायची गरज वाटत नाही.

सकाळी उपबाजारात या. कांद्याच्या ट्रॉल्या आणि पिकअप ओळीने लागलेले असतात. ओळ मोडून कुणी पुढे घुसत नाही. घुसलाच तर मागचे बोलल्याशिवाय राहत नाहीत. लिलाव ओळीने पुढे सरकतो. प्रत्येक वाहनापाशी व्यापाऱ्यांचा घोळका थांबतो, भाव पुकारला जातो, सौदापट्टी हातात पडते आणि घोळका पुढच्या ट्रॉलीकडे वळतो. मग वाहन भुईकाट्यावर, तिथून व्यापाऱ्याच्या खळ्यावर, रिकामं करून परत काट्यावर, आणि शेवटी हिशोबपट्टी. दोन शेतकऱ्यांचा माल एकमेकांत मिसळत नाही. एकाचं वजन दुसऱ्याच्या नावावर चढत नाही. कुणी बाजार समिती बघायला येत नाही, माणूस येतो कांदा विकायला. पण ही ओळ, हा काटा आणि ही नोंद काढून घ्या, तिथे फक्त गर्दी उरेल.

ऑपरेटिंग सिस्टीम हेच करते. प्रोसेसर हा घोळक्यासारखा असतो. तो एका कामापाशी काही मिलिसेकंद थांबतो आणि पुढच्याकडे जातो. आपल्याला वाटतं सगळी कामं एकदम चालली आहेत. मेमरीत प्रत्येक कामाला स्वतःची जागा आखून दिलेली असते, एकाने दुसऱ्याच्या जागेत हात घालायचा नाही. फाइल कुठे ठेवली, कुणाची आहे, याची नोंद असते. आणि काटा, म्हणजे बाहेरच्या जगाला टेकलेली यंत्रं: कीबोर्ड, पडदा, प्रिंटर, वायफायची चिप. या प्रत्येकाशी त्याच्या भाषेत बोलणारा एक छोटा दुभाष्या असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात.

आणि आपला हा बाजार ‘उपबाजार’ आहे, हे इथे महत्त्वाचं. मुख्य बाजार समिती लासलगावची, १९४७ सालची. विंचूर आणि निफाड हे तिचे उपबाजार. लिलाव इथे होतो, काटा इथे आहे, पण कारभाराचं मूळ दफ्तर लासलगावी. गाव इथे आणि सूत्रं दुसरीकडे ही विंचूरला नवी गोष्ट नाही. पानिपतावर लढलेल्या विठ्ठल शिवदेव विंचूरकरांची जहागीर इथली, पण चाकरी पेशव्यांच्या दरबारी. पुण्यातल्या ज्या विंचूरकर वाड्यात लोकमान्य टिळकांनी १८९४ मध्ये सार्वजनिक गणपती बसवला, तो याच घराण्याचा. तेव्हा त्या मुलीचा प्रश्न मी माझ्यापुरता असा मांडून घेतला: टेबलावरच्या संगणकाचा उपबाजार करता येईल का? दफ्तर सगळं दूर, आणि इथे नुसती ओळ आणि काटा?

बराचसा झालाच आहे, हे आधी मान्य करायला हवं. गुगलने सप्टेंबर २००८ मध्ये क्रोम आणला तेव्हा त्यात प्रत्येक टॅब वेगळी प्रक्रिया म्हणून चालवायची रचना होती. एक पान अडकलं तरी बाकीची पानं जिवंत राहायची. कामं एकमेकांपासून वेगळी राखणं हे तोवर ऑपरेटिंग सिस्टीमचं काम समजलं जायचं, ते ब्राउझरने स्वतःच्या अंगणात सुरू केलं. पुढे ब्राउझरला स्वतःचं साठवणघर मिळालं. तार तुटली तरी पान उघडं ठेवणारे सर्व्हिस वर्कर आले. सी प्लस प्लससारख्या भाषांत लिहिलेले जड कार्यक्रम ब्राउझरमध्ये धावावेत म्हणून वेबअसेंब्ली आली. जुलै २००९ मध्ये गुगलने क्रोम ओएस जाहीर केली आणि जून २०११ मध्ये सॅमसंग आणि एसरची क्रोमबुकं बाजारात आली. मशीन उघडलं की समोर ब्राउझर, बाकी काही नाही.

पण आपल्याकडे या विचाराचा खरा प्रसार क्रोमबुकने केला नाही, बटणांच्या फोनने केला. मोझिलाने २०११ मध्ये एक प्रकल्प सुरू केला. फोन चालू झाला की थेट ब्राउझरचं इंजिन सुरू व्हावं, आणि फोनवरची प्रत्येक गोष्ट, अगदी नंबर फिरवायचा पडदासुद्धा, वेबपान असावं. त्यातून फायरफॉक्स ओएस झाली. ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेक्सने भारतात त्यावर चालणारा १,९९९ रुपयांचा फोन आणला, त्याचं नावच ‘क्लाउड एफएक्स’. मोझिलाने डिसेंबर २०१५ मध्ये हा नाद सोडला. पण त्याच बियाण्यातून कायओएस उगवली, आणि २०१७ मध्ये तीच जिओफोनमध्ये आली. दीड हजार रुपये अनामत, ५१२ एमबी मेमरी, आणि पुढे दहा कोटींच्या वर फोन.

मळ्यात खुरपणीला आलेल्या बायकांच्या पिशवीत, ट्रॅक्टरच्या टपावर, दुधाच्या किटलीशेजारी मी तो फोन पाहिला आहे. वेब हीच ऑपरेटिंग सिस्टीम, या कल्पनेचा एवढा मोठा प्रयोग मला तरी दुसरा माहीत नाही, आणि तो आपल्या बांधावर झाला. तो वापरणाऱ्यांतल्या कुणालाही आपण त्यात सामील आहोत हे सांगितलं गेलं नाही. म्हणून या पुस्तिकेत जिओफोनला मी स्वतंत्र प्रकरण दिलं आहे. त्या फोनच्याही तळाशी लिनक्सचा गाभा होता. तो नसता तर वेबपानाला घंटी कशी वाजवायची हे कळलं नसतं. आणि २०२४ मध्ये कायओएससाठी व्हॉट्सॲप देणं थांबवलं गेलं, मग पुढे फोन धडधाकट असून त्याचं निम्मं काम गेलं. या दोन्ही गोष्टी पुढे परत परत लागणार आहेत.

आता माझा स्वतःचा प्रयोग. तो मी पूर्ण सांगतो, कारण पुस्तिकेतलं बहुतेक शहाणपण मला त्यातून मिळालं.

वर्गातली दोन मशीनं जुनी झाली होती. चार जीबी मेमरी, फिरत्या चकतीची हार्ड डिस्क. विंडोज सुरू व्हायला चहा पिऊन होईल एवढा वेळ. गुगलने २०२२ मध्ये क्रोम ओएस फ्लेक्स आणली होती, जुन्या संगणकावर फुकट टाकता येणारी, ब्राउझर एवढंच घर असलेली. मी पेन ड्राइव्हवरून ती दोन्ही मशीनवर टाकली. मुलांनी चालू केली आणि वर्गात आनंदच झाला. अर्ध्या मिनिटात मशीन तयार. व्हायरसची कटकट नाही, ‘हे सॉफ्टवेअर जुनं झालं’ म्हणून उड्या मारणाऱ्या खिडक्या नाहीत. एक मशीन बिघडलं तर मूल दुसऱ्यावर बसतं, आपलं खातं उघडतं, आणि निबंध अर्ध्या वाक्यावर जिथे सोडला होता तिथे कर्सर लुकलुकत असतो. महिनाभर मला वाटलं की त्या मुलीचंच बरोबर होतं. विंडोज खरंच लागत नाही.

मग एका सोमवारी केंद्रातलं मुख्य मशीन बंद पडलं आणि मी वर्गातलं एक मशीन पुढे काउंटरवर आणून ठेवलं. पहिलंच गिऱ्हाईक म्हणजे एक आजी होत्या. त्यांच्या एका योजनेच्या कामासाठी आधारवर अंगठा द्यायचा होता. संकेतस्थळ उघडलं, क्रमांक टाकला, अंगठ्याचं मशीन जोडलं. त्याचा लाल दिवा लागलाच नाही.

कारण समजायला मला अर्धा दिवस लागला. २०१७ पासून आधारसाठी नोंदणीकृत उपकरणंच चालतात. अंगठ्याचं मशीन ठसा घेतं, तो कूटबद्ध करून सही केलेल्या पुडक्यात बांधला जातो, आणि ते पुडकं संकेतस्थळाच्या हाती द्यायचं काम ‘आरडी सर्व्हिस’ नावाचा एक छोटा कार्यक्रम करतो. तो संगणकातच मुक्कामाला असतो. तुम्ही ज्या संकेतस्थळावर बसलेले असता, ते पान त्या कार्यक्रमाचं दार शोधत संगणकाच्या आतच हाका मारतं. ही दारं ठरलेली आहेत, ११,१०० पासून ११,१२० पर्यंतचे पोर्ट. कुठल्या तरी दारातून ओ आली की ठसा घेतला जातो. ही सर्व्हिस विंडोजसाठी मिळते, अँड्रॉइडसाठी मिळते. फ्लेक्सवर तिला बसायला जागाच नाही, आणि फ्लेक्सवर अँड्रॉइडची ॲपंही चालत नाहीत. पान हाका मारत राहिलं, आतून कुणी ओ देईना.

माझ्या दृष्टीने सगळा विषय काउंटरवरच्या त्या दोन फुटांत होता. आजींचा अंगठा टेबलावर, त्याची पडताळणी करणारा सर्व्हर शेकडो कोस दूर, मध्ये देशभराच्या तारा, आणि काम अडलं होतं ते अंगठा आणि तार यांच्यामधल्या एका दुभाष्यावर. कांदा कापून, निंदून त्यांच्या बोटांच्या रेषा आधीच झिजलेल्या. दिवा लागला असता तरी ठसा पहिल्या फेरीत उमटला नसता. त्यांना मी दुसऱ्या दिवशी बोलावलं. त्या आल्या, काम झालं, पण एक रोज बुडाला, आणि तो माझ्या हौसेपायी बुडाला.

त्याच दिवशी प्रिंटरनेही धडा दिला. आमचा जुना लेझर प्रिंटर स्वस्तातला आहे. अशा प्रिंटरला पान कसं काढायचं हे स्वतःला कळत नसतं. संगणकातला ड्रायव्हर पानाचा प्रत्येक ठिपका आखून देतो, प्रिंटर फक्त शाई बसवतो. फ्लेक्सकडे त्याचा ड्रायव्हर नव्हता. गुगलने एके काळी ‘क्लाउड प्रिंट’ नावाची सोय काढली होती. पान आधी इंटरनेटवर जायचं आणि तिथून फिरून शेजारच्या प्रिंटरवर यायचं. २०१० मध्ये सुरू झालेली ती सोय ३१ डिसेंबर २०२० ला बंद करण्यात आली. तलाठी आणि ग्रामसेवकांच्या डिजिटल सहीच्या पेन ड्राइव्हसारख्या टोकनचंही असंच आहे. त्यालाही मशीनमध्येच राहणारा ड्रायव्हर लागतो. सातबारा १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा मिळू लागला. १५ रुपयांत घरबसल्या मिळणाऱ्या त्या कागदामागे कुठल्यातरी टेबलावर एक टोकन आणि एक ड्रायव्हर आहे, हे आपण विसरतो.

हे काटे ब्राउझरच्या ताब्यात देण्याचे प्रयत्न झालेले आहेत. क्रोममध्ये २०१७ पासून ‘वेबयूएसबी’ आहे. त्यामुळे वेबपान परवानगी घेऊन थेट यंत्राशी बोलू शकतं. पण मोझिला आणि ॲपलने ही वाट नाकारली, आणि त्यांचं कारण मला पटतं. अनोळखी पानाला तुमच्या अंगठ्याच्या मशीनपर्यंत वाट करून देणं म्हणजे अनोळखी माणसाला भुईकाट्याची कळ हातात देणं. या वादाची दोन्ही बाजूंची मांडणी तिसऱ्या प्रकरणात आहे. तिथे मी कुणाच्या बाजूचा आहे हे लपवलेलं नाही.

अंतराचं गणितही एकदा मांडून टाकतो. विंचूर ते मुंबई सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे तार सरळ असली, वाटेत एकही थांबा नसला, तरी जाऊन-येऊन दोन मिलिसेकंदांहून थोडं जास्त लागणारच. तीन गिगाहर्ट्झचा साधा प्रोसेसर तेवढ्या वेळात ६५ लाखांहून जास्त ठोके देऊन मोकळा होतो. मेमरीतली जागा कुणाला द्यायची, आता पाळी कुणाची, हे क्षणाक्षणाचे निर्णय मुंबईला विचारून घेता येणार नाहीत. लिलावातली प्रत्येक बोली लासलगावला विचारून लावायची म्हटली तर पहिली ट्रॉली संध्याकाळपर्यंत हलणार नाही. हा भाग इथेच राहणार. मी याबद्दल वाद घालत नाही, कारण प्रकाशाशी वाद घालता येत नाही.

दुसऱ्या, म्हणजे ब्राउझरच्या बाजूचंही एक ऋण मात्र मोठं आहे, आणि मराठीत लिहिणाऱ्याने ते मान्य करावं. ज्यांनी नव्वदच्या दशकात डीटीपीवर काम केलं त्यांना आठवत असेल: एका फॉन्टमध्ये टाइप केलेली लग्नपत्रिका दुसऱ्या मशीनवर उघडली की इंग्रजी अक्षरांचा चिखल दिसायचा. मजकूर फॉन्टच्या कैदेत असायचा, फॉन्ट मशीनच्या कैदेत. आयएससीआयआय हे भारतीय प्रमाण होतं, पण दुकानादुकानात ते पोहोचलं नाही. ती कैद सुटली युनिकोडने. विंडोजमध्ये देवनागरी युनिकोड २००० साली आलं, पण लोकांच्या हाती ते मिळालं वेबमुळे. १ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला, आणि तिथलं पान लासलगावात, लंडनमध्ये आणि लातुरात सारखंच दिसू लागलं. आज क्रोम आणि फायरफॉक्स अक्षरं जोडायचं काम खालच्या सिस्टीमवर सोडत नाहीत. ‘हार्फबझ’ नावाचं जोडणीचं इंजिन त्यांच्या पोटातच असतं. मुंबईच्या ‘एक टाइप’ने घडवलेला ‘मुक्ता’सारखा फॉन्ट पानासोबतच येतो. ‘दऱ्या’ आणि ‘वाऱ्या’मधला आडवा रफार नीट बसतो, आणि पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवली असेल तर ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे उमटू शकतात. माझ्या वर्गातल्या मुलांना हे सहज वाटतं. मला अजूनही वाटत नाही. मराठीपुरतं बोलायचं तर ब्राउझर हे आमचं पहिलं असं घर, जिथे आमचं अक्षर मोडलं नाही.

आता राहिला तो भाग, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो.

आमच्याकडे उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो आणि नीट साठवला तर दिवाळीच्या आसपासपर्यंत टिकतो. तो टिकतो चाळीत. खालून वारा खेळेल अशी उंचावर बांधलेली, बाजूंनी पट्ट्या मारलेली, वर छप्पर. ज्याच्याकडे चाळ आहे तो भाव पडला तर थांबतो. ज्याच्याकडे नाही त्याला काढलेला कांदा त्याच आठवड्यात मिळेल त्या भावाने द्यावा लागतो. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली आणि जिल्ह्यातले लिलाव थांबले. निर्णय दिल्लीत झाला आणि फाटक इथे लागलं. त्या दिवसांत शेतात लाल कांदा होता, आणि तो चाळीत टिकणारा नव्हे. ते हाल आठवले की चाळ या शब्दाचा अर्थ मला फार जवळून कळतो.

संगणकातली हार्ड डिस्क म्हणजे चाळ. तुमचं लिखाण, हिशेब, फोटो तुमच्या जागेत, तुमच्या कुलपात. सगळं इंटरनेटवर ठेवलं की चाळ संपली, उरला नुसता बाजार. बाजार उघडा असेपर्यंत ते फार सोयीचं असतं. पण १४ डिसेंबर २०२० ला गुगलच्या ओळख पटवण्याच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि सुमारे पाऊण तास जगभर जीमेल, डॉक्स, यूट्यूब उघडेनात. मजकूर होता तिथेच होता, पण दारावरचा पहारेकरी कुणालाच ओळखेना. जुलै २०२५ मध्ये युरोपीय निर्बंधांच्या पार्श्वभूमीवर नायरा एनर्जी या भारतात तेलशुद्धीकरण करणाऱ्या कंपनीच्या मायक्रोसॉफ्टच्या सेवा खंडित झाल्या. पैसे भरलेले, माणसं भारतातली, पण ईमेल बंद. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग सेवा परत मिळाल्या. तेल शुद्ध करणाऱ्या कंपनीला न्यायालयात जाता येतं. सेवा केंद्रावर रांगेत उभ्या असलेल्या माणसाला ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढंच ऐकायला मिळतं.

‘सर्व्हर डाऊन’ हे दोन शब्द आता आमच्या भागात मराठीच झाले आहेत. ज्यांना सर्व्हर म्हणजे काय ते ठाऊक नाही, तेही घरी जाऊन सांगतात, “आज सर्व्हर डाऊन होतं, उद्या बोलावलंय.” रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली तरी सर्व्हर डाऊन, वीज गेली तरी सर्व्हर डाऊन, खरंच तिकडचं मशीन बंद असलं तरी सर्व्हर डाऊन. मला हे सहन होत नाही, कारण तीन वेगळ्या रोगांना एकच नाव दिलं की औषध कुणाकडे मागायचं ते कळत नाही. तार तुटली असेल तर काय करायचं, वीज नसेल तर काय, दूरचं मशीन बंद असेल तर काय, आणि त्यातलं कोणतं झालंय हे दोन मिनिटांत कसं ओळखायचं, यावरचं पाचवं प्रकरण मला सगळ्यात जवळचं आहे. केंद्र चालवणाऱ्या माझ्या भावाबहिणींनी बाकीचं सोडून तेवढं वाचलं तरी चालेल.

कुणी म्हणेल, स्वतःच्या मशीनवर सगळं ठेवलं म्हणजे सुटका होते का? तीही होत नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची अपडेटची एक सदोष फाइल तिचं सॉफ्टवेअर असलेल्या जगभरच्या विंडोज मशीनवर आपोआप उतरली आणि सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून थांबले. आपल्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. ऑपरेटिंग सिस्टीम होती स्थानिकच, पण तिच्या गाभ्यात हात घालायचा अधिकार तारेपलीकडच्या कुणाला तरी दिलेला होता. म्हणजे चाळ स्वतःची असून किल्ली दुसऱ्याकडे.

म्हणून इंटरनेट ऑपरेटिंग सिस्टीम होऊ शकेल का, या प्रश्नाला मी आता ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर देत नाही. माणूस संगणकावर जे करतो त्यातलं बहुतेक आजच तिथे गेलेलं आहे आणि ते परत येणार नाही. येऊही नये, त्याने त्या बारावीच्या मुलीचा फायदाच झाला आहे. मला विचारायचं आहे ते वेगळं: तार तुटलेल्या दिवशी कोणती कामं झालीच पाहिजेत, आणि ती कामं होतील अशी रचना कुणी केली आहे का? ई-पीक पाहणीचं ॲप १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यभर आलं. बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, आणि तिथे नेटवर्क नसेल तर नोंद फोनमध्ये ठेवून नंतर वर पाठवायची. ज्याने हे ठरवलं त्याने कधीतरी रेंज नसलेल्या शेतात उभं राहून पाहिलं असावं. मला असेच लोक संकेतस्थळं बांधायला हवे आहेत. अर्ज अर्धा भरून झाला आणि तार गेली, तर तो अर्धा अर्ज या टेबलावरच्या मशीनमध्ये जपला गेला पाहिजे. त्यासाठी लागणारं साठवणघर आणि सर्व्हिस वर्कर ब्राउझरमध्ये कित्येक वर्षांपासून आहेत. ते न वापरता माणसाला पुन्हा पहिल्या पानापासून भरायला लावणं हा त्याच्या रोजगारावरचा घाला आहे, असं मी मानतो.

पुस्तिका वर्गातल्या मुलांसाठी आणि केंद्रचालकांसाठी लिहिली आहे. इंग्रजी संज्ञा जिथे रोजच्या बोलण्यात आहेत तिथे तशाच ठेवल्या आहेत. ‘ड्रायव्हर’ला ‘चालक’ म्हटलं तर वर्गात सगळे खिडकीबाहेर ट्रॅक्टरकडे बघतात. जिथे करून पाहता येईल तिथे करून पाहायला सांगितलं आहे. त्यासाठी एखादं जुनं मशीन मिळवा, चार जीबीचंही चालेल.

पहिलं प्रकरण त्या मशीनच्या बटणापासून सुरू होतं. तुम्ही बटण दाबता, पंखा फिरतो, पडदा काळाच असतो. वायफायचा पासवर्ड अजून कुणी वाचलेला नाही, वायफायची चिप अजून जागी झालेली नाही, बाहेर इंटरनेट नावाचं काही आहे याचा त्या मशीनला पत्ता नाही. नेटवर्कवरून आपली अख्खी सिस्टीम उतरवून घेणारी मशीनंही असतात, पण त्यांनाही ती मागायला लागणारे पहिले चार शब्द स्वतःपाशीच ठेवावे लागतात. कोपऱ्यात वायफायचा पहिला दांडा उमटेपर्यंत वीसेक सेकंद जातात. घड्याळ लावून बसा, आणि त्या वीस सेकंदांत मशीन कुणाच्या भरवशावर चालतं ते पाहा.